पाहुण्यांसाठी उतरवलेला पत्रा

तुम्ही मला छपरावरून उतरवलंत. तुमच्या चिठ्ठीवर सहीच्या जागी नुसता गोल शिक्का होता, त्यामुळे तुम्ही कोण ते मला सांगता येत नाही. पण उतरवलंत तुम्हीच, आणि परत चढवायचा शब्द दिलात तोही तुम्हीच. आजारी माणसाच्या डोक्यावरचं काढून रस्त्याच्या कडेला उभं करायचं, हे कुठल्या शाळेत शिकलात?

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. नालीदार, दोन कडांना गंजलेला, खिळ्यांची चौदा भोकं असलेला. माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्या देशात ते आठवत नाही. तापलेल्या जस्तात बुचकळल्याचं तेवढं आठवतं. मग जहाज, मग होनियारा या बेटावरच्या शहराचा धक्का, मग एक अंधारं दुकान. नेस्टाने रस्त्याच्या कडेला सुपारी विकून विकून आम्हा सहा भावंडांना विकत घेतलं. तिच्या म्हाताऱ्या बापाने, फिरिसुआने, आम्हाला स्वतः ठोकलं. प्रत्येक खिळ्याला तो म्हणायचा, "सोस रे बाबा, सोस." मी सोसलं.

माझी जागा बरोबर त्याच्या चटईवर होती. फिरिसुआने उभा जन्म लाकडाच्या वखारीत काढला आणि वखारीने त्याची छाती भुशाने भरून टाकली. याच्या अंगाखाली ओल येता कामा नये, असं दवाखान्यातल्या नर्सने नेस्टाला बजावलं होतं. ते काम माझ्याकडे होतं. बारा वर्षं मी ते केलं. वरून पाऊस झेलायचा, पन्हाळीतून खालच्या पिंपात सोडायचा. त्या पाण्यावर रताळी शिजायची. "पत्रा चांगला लागला," असं फिरिसुआ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, तेव्हा मला माझं कौतुक वाटायचं. मी कोण आहे आणि कशासाठी आहे, हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं.

मग खेळ आले. सगळ्या बेटांचे मोठे खेळ. विमानतळाकडून स्टेडियमकडे जाणारा रस्ता आमच्या वस्तीला खेटून जातो. तो रुंद झाला, गुळगुळीत झाला. नेस्टाचं सुपारीचं टेबल उचलून मागे फेकलं गेलं. कपडे वाळत घालायच्या दोरीचे खांब उपटले गेले. आणि एके दिवशी तुमचा माणूस ती चिठ्ठी घेऊन आला. वस्तीपुढे कुंपण घालायचं होतं आणि नवे पत्रे जहाजात अडकले होते. म्हणून प्रत्येक घराने दोन पत्रे उसने द्यायचे.

"जहाज अडकलं तर आम्ही काय दोर लावून ओढायचं?" शेजारची लोइस म्हणाली. तिच्या तोंडात सदान्‌कदा सुपारी आणि चुना, आणि जीभही तशीच झोंबणारी.

"ताई, पाहुणे याच रस्त्याने येणार. तुमच्या वाळत घातलेल्या चड्ड्या बघणार का ते?"

"का? त्यांच्या देशात ओल्याच घालतात?"

सगळी वस्ती हसली. तुमचा माणूसही हसला. पण फिरिसुआ हसला नाही. "पाहुणा दाराशी येतोय आणि तुम्ही दात काढताय," तो म्हणाला. "द्या रे. माझ्या घरचे माझ्या चटईवरचे घ्या. पाहुण्याला द्यायचं तर आपलं द्यावं, लेकीचं नाही."

"बाबा, तुमची छाती..." नेस्टा म्हणाली.

"पंधरा दिवसांत काय मरत नाही मी. हा म्हणतोय ना, समारोपाच्या दुसऱ्या दिवशी परत."

तर मित्रांनो, मला कोणी चोरून नेलं नाही. मला मोठ्या मनाने दिलं गेलं. नेस्टाने देण्याआधी मला नारळाच्या काथ्याने घासलंसुद्धा.

मला उभं केलं. आयुष्यभर आडवा असलेला मी, एकदम उभा! तोंडावर निळा रंग आणि हसणारं कासव काढलं. ते कशाला हसत होतं कोणास ठाऊक. बसगाड्या आल्या, पाहुण्यांनी हात हलवले, माझे फोटो काढले. एवढं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं. पण मी थांबवत काय होतो? पाऊस तर माझ्या दोन्ही बाजूंना सारखाच पडत होता. मागच्या बाजूला वस्तीची माणसं माझ्या खिळ्यांच्या भोकांना डोळा लावून उभी असायची. ज्या पाहुण्यांसाठी छप्पर दिलं, ते पाहुणे त्यांना भोकातून बघावे लागत होते. मी पाहुण्यांपासून वस्ती लपवत होतो की वस्तीपासून पाहुणे? मला अजून उमगलेलं नाही.

दोरी तर गेलीच होती. तिसऱ्या दिवशी लोइसने धुतलेले स्कर्ट आणून माझ्या वरच्या कडेवर टाकले.

"अगं, पत्रा बाबांचा आहे," नेस्टा दचकून म्हणाली.

"आता सरकारचा आहे. आणि सरकारच्या डोक्यावर स्कर्ट टाकायला मला कोण अडवतंय?"

पुन्हा हशा. मग सगळ्याच बायका टाकू लागल्या. नेस्टाही. दुसरं करणार काय होत्या?

खेळ संपले. दुसरा दिवस आला, दहावा आला, चाळिसावा आला. पश्चिमेचा पावसाळी वारा सुटला. माझ्या जागी बांधलेली ताडपत्री फाटली. नेस्टा तुमच्या कचेरीत गेली.

"खेळांची समिती विसर्जित झाली, ताई," तिथल्या माणसाने सांगितलं.

"मग पत्रा कोणाचा?"

"आता तसं बघितलं तर... कोणाचाच नाही."

"कोणाचाच नाही तर मी नेते."

"नेऊ नका. सरकारी मालमत्ता आहे."

नेस्टा तडक निघाली. घरी आली, पहार घेतली आणि भरदिवसा मला उपटून दारात नेलं. मी आनंदाने खडखडलो. चटईवर फिरिसुआ खोकत बसला होता. त्याने मला पाहिलं आणि हात आडवा केला.

"हा वर चढणार नाही."

तो मूळचा मलाइता बेटाच्या डोंगरातला. बायकांचं कापड ज्यावर टांगलं, ते पुरुषाच्या डोक्यावर येता कामा नये, हा त्यांचा नियम. वाळत घातलेल्या कपड्यांखालून तो आजही जात नाही, भर उन्हात वळसा घेतो.

"बाबा, ती भिंत होती तेव्हा!" नेस्टा ओरडली. "भिंतीला कसला आलाय नियम?"

"तेव्हा भिंत असेल. आता छप्पर करायला निघालीस ना?"

लोइस रडकुंडीला आली. तिने पेटीतून आपल्या आईची शंखमण्यांची माळ काढून त्याच्यापुढे ठेवली. दोष घडला की अशी माळ द्यायची आणि दोष धुवायचा, ही रीत. फिरिसुआने ती उचलून तिच्याच हातात दिली.

"पोरी, तुझा दोष नाही. पत्रा छपरावर असता तर तुझा हात पोचला असता का? ज्याने खाली आणला, त्याने यावं. समोर बसावं. चुकलं म्हणावं. मग पत्रा स्वच्छ झाला."

"तो नाही यायचा, काका."

"मग मी थांबतो."

तेव्हापासून मी दाराबाहेर टेकून उभा आहे. मी धड छप्पर नाही आणि धड कुंपण नाही. म्हाताऱ्याचा हट्ट बरोबर की नेस्टाचा संताप, हे मला ठरवता येत नाही. सकाळी वाटतं तो वेडा आहे. दुपारी वाटतं, शहाणा तो एकटाच.

मित्रांनो, तुमच्या शहरातही कधीतरी मोठे खेळ भरतील. रस्ते धुतले जातील, भिंती रंगतील. जरूर टाळ्या वाजवा, खेळाडूंनी काही वाईट केलेलं नाही. पण कोणाच्या डोक्यावरचं काही उसनं मागितलं जात असेल, तर परत चढवायला कोण येणार, तेवढं आधी विचारा. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा. आमच्याखाली कोणीतरी झोपलेलं असतं.

आणि शिक्केवाले साहेब, तुम्हाला एकच विचारतो. नवा पत्रा मागत नाही, पैसे मागत नाही. फक्त या, त्याच्यासमोर बसा आणि एक शब्द बोला. आज त्याची चटई पिळावी लागली. कधी येताय?