फोटोसाठी मला उचलले

मित्रांनो, मी एक जुना रिसीव्हर आहे. आकाशातल्या उपग्रहांचे ऐकून जमिनीवरची जागा सांगणे हे माझे काम. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या एका ऑफिसात, कपाटाच्या खालच्या फळीवर मी पडलो आहे. अंगावर चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर लिहिले आहे, 'खराब'. ते खोटे आहे, म्हणून बोलतो.

माझे भाऊबंद जोडीने काम करतात. एक ओळखीच्या खुणेवर उभा राहतो आणि दुसऱ्याची चूक त्याला कळवत राहतो. मला जोडीदार नाही. उपग्रह नेमके कुठे आहेत, त्यांची घड्याळे किती चुकतात, ही दुरुस्ती मी आकाशातूनच घेतो आणि एकट्याने जागा सांगतो, फरक फार तर दोन-चार बोटांचा. त्यासाठी डोक्यावर मोकळे आकाश हवे आणि चांगला अर्धा तास मला कुणी हलवता कामा नये. सुरुवातीचा आकडा कच्चा असतो. तो हळूहळू बसतो.

सर्व्हेअर गौतम मेश्राम मला लेकरासारखा जपायचा. कालवे मोजले, तलावांचे काठ मोजले. "एकटा हाय, पण कामाचा हाय," असे तो चारचौघांत सांगायचा.

मग अभनपूरजवळ रस्ता रुंद करायचे निघाले. तिथे वनमालाबाईंच्या दारात बोर होता. सारी वस्ती, तिकडे पारा म्हणतात, त्याच बोरवर पाणी भरायची. बोर रस्त्याच्या हद्दीत येतो की नाही, एवढेच ठरायचे होते. गौतमने मला बोरला लागून उभे केले.

"काकू, जरा टाइम लागते."

"लागू दे ना बापा. तुही मशीन उन्हात उभी हाय, तिले चहा चालते का?"

"तिले नाही चालत. मले चालते."

आकडा बसत आला होता. तेवढ्यात आमच्या ऑफिसच्या साहेबांची जीप आली.

"अरे, फोटो तो ले लो! ऊपर भेजना है."

ऊन कडक होते. साहेबांनी मला दांड्यासकट उचलले आणि कडुनिंबाच्या दाट सावलीत ऐटीत उभे राहिले. पानांनी आकाश झाकले, उपग्रहांशी बोलणे तुटले. सगळे पहिल्यापासून!

फोटो निघाला. मला परत बोरजवळ टेकवले. पडद्यावर लगेच आकडा आला, दशांशाची लांब शेपटी घेऊन. शेजारीच लहान अक्षरांत मी दाखवत होतो की हा आकडा दीड मीटरने चुकू शकतो. ते वाचतो कोण?

"आ गया नंबर. लिखो, बोर अंदर है."

"सर, अभी बैठा नहीं है. आधा घंटा..."

"मशीन है कि दूल्हा, जो इतना नखरा करेगा? लिखो!"

वनमालाबाई पुढे झाल्या. "काहून घाई करून राहिले साहेब? तिले उभी राहू द्या ना."

"अम्मा, मशीन झूठ नहीं बोलती."

अहो, मी तर अजून बोललोच नव्हतो!

गौतमने मान खाली घालून लिहिले. मी त्याला माफ केलेले नाही.

बोर बुजवला. त्यानंतर एका दुपारी गौतम एकटाच आला. त्याच जागी मला उभे केले आणि हातही लावला नाही. आकडा बसला. बोर हद्दीच्या बाहेर होता, चांगला हातभर.

वनमालाबाई दूरच्या नळावरून हंडा घेऊन येत होत्या. गौतमने सांगितले, "काकू, तुमचा बोर बाहेरच होता."

"हव?" त्यांनी हंडा खाली ठेवला. "मंग आता येते का रे पाणी त्याच्यातून?"

त्याने तो आकडा साहेबांनाही दाखवला. साहेब पडद्याकडे न बघताच म्हणाले, "फिर तो मशीन ही खराब है."

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला कपाटातून काढा असे मी म्हणत नाही. पण माझ्यासारख्याला कुठे उभे केलेत, तर आकडा बसू द्या. पहिल्याच आकड्यावर कुणाचे पाणी तोडू नका. आणि आकडा कच्चा आहे हे ठाऊक असेल, तर लेखणी खाली ठेवा.

माझ्या चिकटपट्टीवरचे अक्षर गौतमचे आहे.