‘लई घाई’वर दोन शब्द

“कर्कश म्हंजी काय गं, सुके?”

सुकेशनीने पेपर नाकापर्यंत वर घेतला. सासूला खरा अर्थ सांगायचा की या घरात नांदायचं, यातलं एकच जमण्यासारखं होतं.

“म्हंजी... लांबवर जाणारा, आत्याबाई. खणखणीत.”

“मंग खरंच लिव्हलंय त्यानं,” दगडाबाई म्हणाल्या आणि हंडा उचलून टँकरच्या रांगेकडे निघाल्या.

दुपारपर्यंत मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत सगळ्यांना कळलं होतं, की दगडाबाईंचा आवाज कर्कश असल्याचं पेपरात छापून आलंय. त्या स्वतःच सांगत होत्या. कोणी अभिनंदन करेना, तेव्हा लोक जळतात असा त्यांनी निष्कर्ष काढला. शेवटी रांगेतल्या भांडणात लीलाबाईने तो शब्द फोडून सांगितला.

“अगं, कावळ्यावानी म्हंत्यात तुला! आन् तू पेढं वाटायला निघालीस!”

दोन दिवस दगडाबाई सुनेशी बोलल्या नाहीत.

प्रकरण तसं साधं होतं. दगडाबाई सोयगावकडच्या. दुष्काळात शेळ्या विकून त्या मुलाकडे राहायला आल्या. मुलगा अजिनाथ शेंद्र्याला कारखान्यात होता. त्या वर्षांत शहर पाण्याची वाट न बघता वाढत होतं. नळाच्या आधी इमारत उभी राहायची आणि इमारतीच्या आधी तिची जाहिरात. अशाच एका अर्धवट इमारतीत, दगडाबाईंच्या खोलीच्या वर, सायली नावाच्या इंजिनियर मुलीने हातात मावणारा एक व्हिडिओगेम बनवला. नाव ‘घाई’. त्यात एकेक खेळ पाच सेकंदांचा. टँकरच्या पाइपाखाली हंडा धरायचा, शेअर रिक्षात उरलेली जागा पटकवायची, लाइट जायच्या आत दळण उरकायचं. प्रत्येक खेळाआधी यंत्र एक हुकूम सोडायचं. सायलीने आधी स्वतःच्या आवाजात “कृपया हंडा धरा” असं भरलं होतं. वाक्य पुरं होईपर्यंत टँकर निघून जायचा.

एके दिवशी चाचणी चालू असताना खिडकीतून खालच्या रांगेतला आवाज आला, “धर!” आणि खोलीतल्या सगळ्यांचे अंगठे बटणावर आपटले. सायली तशीच जिना उतरली आणि त्या आवाजाला, म्हणजे दगडाबाईंना, वर घेऊन आली. सगळे हुकूम मग त्यांच्याच आवाजात भरले गेले.

‘घाई’ बसस्टँडवर आणि जत्रांतून बरा खपला. पण शहरात एक समीक्षक होते. तात्यासाहेब मराठीचे निवृत्त प्राध्यापक होते. पुस्तकं फारशी येईनाशी झाल्यावर पेपराने त्यांच्या सदराला जे येईल ते पुरवायला सुरुवात केली होती. त्यांनी लिहिलं, ‘कथानकाचा पूर्ण अभाव. पात्रांचा विकास होण्याआधीच खेळ आटोपतो. स्त्रीपात्राचा आवाज कर्कश.’

पुढचा दुष्काळ आला तसा दुसरा भागही आला. नाव ‘लई घाई’. पण माल विकणारा व्यापारी अडून बसला.

“म्याडम, पेपरवाल्यानं आवाजालाच नावं ठेवलीत. रेडिओवरची एखादी गोड पोरगी बसवा ना.”

सायलीने दगडाबाईंना सगळं खरं सांगितलं. “मावशी, आधी समीक्षकांना कार्यक्रमात दाखवणार आहोत. तात्यासाहेबांनी परत तेच लिहिलं तर आवाज बदलावा लागेल. माझा इलाज नाही.”

“ऱ्हातो कुठं त्यो?”

“समीक्षकाच्या घरी जायचं नसतं, मावशी.”

“का? त्यो आलाच की माझ्या घरात. पेपरातून.”

“तुम्ही कार्यक्रमाला या. पण गप्प बसायचं.”

“गप तर मी बसतेच की,” दगडाबाई म्हणाल्या. सुकेशनीला ठसका लागला.

कार्यक्रमाचं नाव होतं ‘लई घाई : आस्वाद आणि आक्षेप’. दगडाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, थेट तात्यासाहेबांसमोर बसल्या आणि त्यांच्याकडे टक लावून बघू लागल्या. तात्यासाहेबांनी आक्षेपापासून सुरुवात केली. उत्तरकृती ही नेहमीच पूर्वकृतीच्या सावलीत वाढते, असं ते म्हणाले. सावलीचा इतिहास सांगता सांगता प्रात्यक्षिकाची वेळ उलटून गेली. सायलीने वाट पाहून पाहून यंत्र सभागृहाच्या स्पीकरला जोडलं आणि चालू केलं.

“सरक!”

पहिली रांग एक खुर्ची सरकली. कडेला बसलेले अध्यक्ष भिंतीला टेकले.

“ऊठ!”

सभागृह उठलं. एरवी राष्ट्रगीतालाही इतकं एकदिलाने उठल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

“बस!”

बसताना तात्यासाहेबांच्या लक्षात आलं की आपणही बसलो आहोत. वक्त्याने बसायचं नसतं. ते पुन्हा उभे राहिले, माइक धरला, म्हणाले, “मी म्हणत होतो की...”

“गप!”

तात्यासाहेब गप्प झाले. हा हुकूम मुळात खेळातल्या भुंकणाऱ्या कुत्र्याला गप्प करण्यासाठी होता, पण तेवढ्या बारकाव्यात जायला वेळ नव्हता. पाच सेकंद माइकची घरघर तेवढी ऐकू आली.

मग त्यांनी हात पुढे केला. “आणा इकडे ते.”

पहिल्या खेळात त्यांचा हंडा रिकामा राहिला, कारण ते चष्मा शोधत होते. दुसऱ्यात ते पडद्यावरचा मजकूर वाचत होते. तिसऱ्याला पुन्हा हंडा आला, तेव्हा दगडाबाईंना राहवलं नाही.

“अवं सर, वाचताय काय! दाबा!”

तात्यासाहेबांनी दाबलं. हंडा भरला.

“जमलं!” ते ओरडले. त्यांच्या तोंडून आयुष्यात प्रथमच एकशब्दी वाक्य बाहेर पडलं होतं. पुढे आभारप्रदर्शन झालं, चहा झाला, खुर्च्या उचलल्या गेल्या, तरी ते यंत्र सोडेनात. दगडाबाई शेजारी उभ्या राहून त्यांना हाकत होत्या.

रविवारी सदर आलं. सुकेशनीने या वेळी एकही शब्द न बदलता वाचलं. ‘कथानक नाही. पात्रांचा विकास नाही. तेवढी सवड आपल्याकडे तरी कुठे उरली आहे? आवाज कर्कश आहे, आणि दुसरा कुठलाही आवाज इथे खोटा ठरेल. पूर्वी मी लिहिलेलं चूक नव्हतं, अपुरं होतं.’

“म्हंजी काय?”

“म्हंजी तुमी जिंकल्या, आत्याबाई.”

मग बाकीच्यांनाही धीर आला. एका मासिकाने ‘मातीचा हुंकार’ असं लिहिलं. दगडाबाईंनी ते खोडून काढलं. “हुंकार कशाचा? वरडले व्हते मी.” व्यापाऱ्याने फोन करून सांगितलं, की हा आवाज त्याला पहिल्यापासूनच आवडत होता. गल्लीच्या तोंडाशी दगडाबाईंचा फ्लेक्स लागला. लीलाबाईने त्याखाली उभं राहून पाहुण्यांना सांगितलं, की ह्या बाईला बोलतं आपणच केलं.

एवढं होऊनही दगडाबाईंनी स्वतः गेम कधी खेळला नव्हता. एका दुपारी सायली खोक्यासकट एक यंत्र घेऊन खाली आली. खोक्यावर ‘आवाज : दगडाबाई’ असं छापलेलं होतं. दगडाबाईंनी ती अक्षरं बोटाने चाचपून पाहिली आणि ओट्यावर बसून यंत्र हातात घेतलं. हंडा भरला, रिक्षा पकडली, कुत्रं गप केलं. शेवटचा खेळ शेळ्यांचा. त्यांचीच हाक यंत्रातून आली, “हुर्रऽ ये!” पांढरे ठिपके पळत पळत वाड्यात शिरले. पाच सेकंद संपायच्या आत बटण दाबून दार लावायचं होतं. दगडाबाईंनी ते दाबलंच नाही.

“ह्यातली माझी बांडी कोणती?”

“मावशी, सगळ्या सारख्याच काढल्यात.”

“सारख्या कशा असतील? बांडीचा एक कान काळा. आन् ती हाकेसरशी नाय येत. समद्यांच्या मागून येती, तोंडात पाला घेऊन. तुमी दार लई लवकर लावता.”

 सायली वर गेली.

पुढच्या खेपेच्या यंत्रांत तेवढा एकच खेळ सहा सेकंदांचा झाला. तात्यासाहेबांच्या ते लगेच ध्यानात आलं. शेवटी लय बिघडते, असं त्यांनी सायलीला फोन करून कळवलं. “बिघडू द्या, सर,” सायली म्हणाली.

खाली ओट्यावर दगडाबाई नवं यंत्र घेऊन बसल्या होत्या. हाक झाली. सगळ्या शेळ्या आत गेल्या. पडदा क्षणभर मोकळा राहिला. मग कडेने काळ्या कानाचा एक ठिपका सावकाश चालत आला.

तो आत शिरेपर्यंत दगडाबाईंनी अंगठा उचलूनच धरला होता.