तांबडे ओघळ

नजर जायच्या आधी म्हाताऱ्यानं शेवटचं काम केलं ते बायकोच्या चेहऱ्याचं. ती नुकतीच गेली होती. जन्मभर परक्यांचे पुतळे घडवले, घरचा हा एवढा एकच. पांढऱ्या संगमरवराचा तो चेहरा दारापाशी, लोखंडी पत्र्याच्या छपराखाली बसवला होता. डोळे गेल्यावर म्हातारा रोज सकाळी तो चाचपायचा. भुवया, नाक, मग हनुवटीवरचा तीळ. तिथं बोट जरा रेंगाळायचं.

मुलाला दगडाशी देणंघेणं नव्हतं. त्यानं घरामागं निकेलचा मुलामा द्यायचा कारखाना काढला. गंजकी हँडलं आधी अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवायची, गंज उतरला की मुलामा. टाकीची वाफ घरभर फिरे. दारांच्या बिजागऱ्यांनी गंज धरला, पेटीतल्या छिन्न्याही गंजल्या.

"तुझं अ‍ॅसिड घर खातंय रे," म्हातारा म्हणायचा.

"दादा, त्याच अ‍ॅसिडवर घर जेवतंय," मुलगा फटकन बोलायचा.

मग छपराचा पत्राही गंजला. पावसात त्यातून पाणी ठिबकू लागलं आणि आईच्या कपाळापासून गालापर्यंत तांबडे ओघळ उतरले. त्यातच नातीच्या लग्नाचं बोलायला पाहुणे येणार होते.

"लोखंडाचा गंज जातो, तर दगडावरचा का नाही जाणार?" म्हणत मुलानं टाकीतून प्लॅस्टिकचा मग भरून आणला.

"अहो, दादांना विचारा तरी," त्याची बायको म्हणाली.

"त्यांना दिसतंय कुठं?"

त्यानं मगातलं अ‍ॅसिड चेहऱ्यावर ओतलं. दगड सोड्यासारखा फसफसला. डाग विरताना पाहून त्याला चेव आला; ब्रश घेऊन त्यानं खसाखसा घासलं, पुन्हा ओतलं. शेवटी बादलीभर पाणी मारलं, तेव्हा बायकोनं तोंडावर हात ठेवला. डाग गेले होते. पापण्याही गेल्या होत्या, नाकाचा शेंडा बोथट झाला होता, आणि सगळी कातडी खडीसाखरेसारखी खरखरीत.

सकाळी म्हाताऱ्याची बोटं कपाळावरून खाली आली. हनुवटीवर फिरली, परत फिरली.

"ही कोण?"



"डाग काढत होतो," मुलगा म्हणाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फोटोवरून मशीनवर दुसरा करून घेऊ."

"चुकलं म्हणा हो," बायको कुजबुजली.

"काय चुकलं? चांगलं करायला गेलो तर मीच वाईट!"

म्हाताऱ्यानं धोतराला हात पुसले आणि खुर्चीत जाऊन बसला.

दुपारी पाहुणे आले. चहा झाला. व्याही दारापाशी थबकले. "वा, दगड छान आहे. काम अजून अर्धवट आहे वाटतं?"

मुलानं बापाकडं पाहिलं. "हो," तो म्हणाला, "दादांचे डोळे गेले ना, तसंच राहिलं."

जन्मात एकही काम अर्धवट न सोडलेला म्हातारा मान खाली घालून ऐकत राहिला. पाहुण्यांपुढं नातीचं नुकसान नको म्हणून त्यानं ब्र काढला नाही. लग्न पार पडलं तसा तो आपल्या लेकीकडं राहायला गेला. मुलगा दोनदा न्यायला आला. म्हाताऱ्यानं त्याला चहा दिला, कारखान्याची चौकशी केली, आणि दोन्ही वेळा एकट्यालाच परत पाठवलं.