खोबरेल लावलेले छर्रे

मांडवीच्या खाऱ्या वाऱ्याने आमच्याकडे कडीकोयंड्यालाही गंज चढतो आणि आमचे हे, म्हणजे काशीराम, त्या गंजाशी उभा दावा मांडून बसलेले असतात. सगळी नोकरी बोटीवर, इंजिनरूममध्ये गेली. निवृत्त होऊन घरी आले ते हातात चिंधी आणि तेलाची बाटली घेऊनच. बिजागऱ्या, कुलपं, शिवणयंत्र, काही सुटलं नाही. एकदा माझी विळी एवढी तेलकट केली, की बांगडा हातातून निसटून मोरीत गेला. तेव्हा मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमची लेक सानिका एअर रायफलची नेमबाज. तिच्याकडे छर्रे दोन तऱ्हेचे. सरावाला साधे, स्पर्धेला निवडून घेतलेले. ही निवड स्थळ बघण्यापेक्षा कठीण. रायफल शिकंज्यात आवळायची, वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे मारून बघायचे आणि कुठल्या डब्याची भोकं कागदावर सगळ्यात जवळजवळ पडतात ते पाहायचं. महागाचा छर्रा चांगला ठरेलच असं नाही, तो त्या रायफलला मानवला पाहिजे. असा एक डबा पसंत करून तिने विभागीय स्पर्धेसाठी जपून ठेवला होता. तिथे निवड झाली तरच राज्य स्पर्धा, आणि तिच्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष.

स्पर्धा सावर्ड्याला होती. खरी मोजणी सुरू व्हायच्या आधी नेम जुळवायला थोडा वेळ देतात. त्या वेळातच सानिकाच्या गोळ्या विखरायला लागल्या. एक वर, एक खाली. तिने एक छर्रा नाकाशी नेला आणि मागे वळून बघितलं. मागच्या खुर्च्यांवर माझ्याशेजारी हे गुडघ्यांवर हात ठेवून, श्वाससुद्धा बेताने घेत बसले होते.

"खाऱ्या हवेनं शिसं पांढरं पडतं गो," हे माझ्या कानाशी म्हणाले. "म्हणून काल दुपारी त्या डब्यातल्या एकेका छर्ऱ्याला खोबरेलाचा हात फिरवला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिथे बोलायची सोय नव्हती.

सानिकाने तो डबा बंद केला, पिशवीतून सरावाचे साधे छर्रे काढले आणि त्या छर्ऱ्यांनी पुन्हा नेम जुळवला. गुण एरवीपेक्षा कमी पडले. तरी निवड झाली, सगळ्यांत शेवटची.

परतताना हे गाडीतून नातेवाइकांना फोन करत होते. "पोरीनं बाजी मारलीन. आणि खरं सांगू, माझ्या तेलाचाही गुण हो." मी तोंड उघडलं, तसा सानिकाने माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओट्यावर तेलाची बाटली घेऊन बसले आणि राज्य स्पर्धेची तयारी म्हणून त्यांनी तोच डबा उघडला.

"डबा भरलेलाच कसा गो हा?"

सानिका समोर येऊन उभी राहिली. "बाबा, तेलाने गोळ्या भरकटत होत्या. मी सरावाचे छर्रे वापरले."

त्यांच्या हातातली चिंधी तशीच राहिली. "म्हणजे तुझं सगळं जायचं होतं माझ्यापायी."

"हो," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नाही.

ह्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तू चालायला लागलीस तेव्हा मी समुद्रात. शाळेत बक्षिसं घेतलीस तेव्हाही समुद्रात. म्हटलं, एवढ्याला तरी माझा हात लागू दे."

मला त्यांना चांगलं खडसावायचं होतं. रात्रभर वाक्यं जुळवून ठेवली होती. पण नवऱ्याचा तो पडलेला चेहरा बघितला आणि ती सगळी गिळून टाकली.

सानिका त्यांच्याशेजारी बसली. "हे छर्रे गेले. आता दुसरे निवडायचे. मी रायफल सांभाळू की कागद बघू? भोकं मोजायला मला माणूस हवंय. तुम्ही चला."

"मला जमेल काय?"

"मी शिकवीन ना."

हे उठून मोरीत गेले. साबणाने हात धुतले, मग पुन्हा एकदा धुतले, टॉवेलने कोरडे केले आणि लहान मुलासारखे पुढे करून तिला दाखवले. तिने ते हुंगून बघितले आणि म्हणाली, "आता चला."