मृदंगाला पाय

सोलापुरात विजापूर वेशीत बडेसाबचाचांचं वाद्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्यापेक्षा जरा उंचावर एक खोली, छताला टांगलेल्या ढोलक्या, भिंतीशी उभी केलेली मृदंगांची लाकडी खोडं आणि ओल्या कातड्याचा वास. नव्या गिऱ्हाइकाला हा वास दारातच थांबवतो. भारतला तो आता येईनासा झाला होता. पण आपल्या अंगाला तो येत असणार, या धास्तीनं घरी निघण्याआधी तो लिंबाची साल घासून घासून हात धुवायचा.

बसायचाही तो रस्त्याकडे पाठ करून, डोक्याला रुमाल गुंडाळून.

"सर, उजाला इधर है, तुम्ही अंधाराकडं तोंड करून काय बसता?" चाचा म्हणायचे.

"ऊन लागतंय, चाचा."

"हौ. थंडी के दिनां में भी ऊनच लागतंय तुमाला."

चाचा त्याला अजून 'सर' म्हणायचे, कधी लाडानं, कधी टोमण्यानं. भारत खरोखरच सर होता. होटगी रोडला त्याचा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास होता. पोरं मोबाइलवरच सगळं शिकू लागली आणि क्लास ओस पडला. चौतिशीत नोकऱ्या शोधायला निघाला, तर मुलाखतीच्या बाकावर शेजारी आपलेच विद्यार्थी. "सर, तुम्ही इथं?" असं कुणी विचारलं की तो हातातली फाइल चाळू लागायचा. तशात एकदा वडिलांचा मृदंग दुरुस्तीला घेऊन तो चाचांकडे आला. चाचा कातड्यावर काळ्या शाईचा थर देऊन वर दगड घासत होते. मुकं कातडं हळूहळू बोलायला लागलं, आणि भारत जागचा उठलाच नाही. लहानपणापासून कीर्तनात वाढलेला माणूस. तो नाद कुठून जन्माला येतो हे त्यानं पहिल्यांदा पाहिलं होतं.

"मला शिकवाल?" त्यानं विचारलं.

"इस उमर में?" चाचा खूप हसले. मग म्हणाले, "कल से आ. झाडू से सुरू."

बायकोला, सुकन्याला, हे सगळं ठाऊक होतं. गावाकडे वळसंगला मात्र त्यानं सांगून ठेवलं होतं, वाद्यांच्या शोरूममध्ये मॅनेजर आहे, बडेसाबचाचाही आता तिथंच काम करतात. हे खोटं बोलताना सुकन्या शेजारीच उभी होती. तिनं फक्त त्याच्या हातांकडे पाहिलं. त्यानं हात खिशात घातले.

खरं तर भारतच्या हाताला गुण होता. पुडी मढवणं त्याला लवकर जमलं. पुडी म्हणजे मृदंगाच्या तोंडावर बसवायचं कातडं. शाई जमत आली होती. अडत होतं ते एका ठिकाणी. दोन्ही तोंडांच्या पुड्या एकमेकींना बांधणारी कातड्याची लांब वादी असते. ती ओढून ताणायची तर मृदंग आडवा धरून त्याला पाय लावावा लागतो. तळपाय खोडावर, पाठ मागं, आणि सगळं अंग त्या वादीवर. दुसरी रीत नाही. हाताचं बळ पुरत नाही.

आणि भारतचा पाय उचलायचा नाही.

त्याच्या घरी मृदंग घोंगडीच्या घडीवर असायचा. बापू, म्हणजे त्याचे वडील गुंडाबापू, वाजवायला बसण्याआधी त्याला कपाळ टेकवायचे. लहानपणी खेळताना एकदा भारतचा पाय त्याला लागला, तर बापूंनी मुस्कटात दिली होती आणि मग स्वतःच रडले होते. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसानं पांडुरंगाच्या दारातल्या वाद्यावर पाय ठेवायचा? भारत गुडघ्यात धरायचा, काखेत धरायचा, खांबाला बांधायचा.

चाचा कपाळाला हात लावायचे. "अरे, आई लेकराला न्हाऊ घालती ते पायावरच ना? सोलापुरात असा मृदंग दाखव, ज्याला माझा पाय लागला नाय आन् तो बोलतोय!"

चाचांना स्वतःबद्दल बोलायला फार आवडायचं. पण शेवटी वादी तेच ओढून द्यायचे.

वळसंगचा सप्ताह जवळ आला तेव्हा बापूंनी आपला मृदंग एसटीनं पाठवला. वर फोन केला, "तुज्या हाताखालच्या कारागिराला सांग, लई जपून कर म्हणावं. काल्याच्या कीर्तनाला मीच वाजवणार हाय."

"सांगतो, बापू," असं म्हणताना भारतच्या मांडीवर ओलं कातडं होतं.

चाचांनी मृदंग ओळखला. खोडावरून हात फिरवला आणि तो भारतपुढे सरकवला. "बाप का बाजा है. शुरू से आखिर तक तूच कर. मी हात लावणार नाय."

त्यानं मन लावून केलं. तोंडानं नाम चालू ठेवून केलं. वादी ओढायची वेळ आली तो शुक्रवार होता आणि चाचा नमाजाला गेले होते. दुकानात तो एकटाच. त्यानं पाय उचलला. तळव्याखाली ते खोड होतं, ज्यावर बापूंचं कपाळ रोज टेकायचं. पाय खाली आला. मग त्यानं मृदंग गुडघ्यात धरून, हात सोलेपर्यंत वादी ओढली आणि उरलेली कसर वादीखालच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी मारून भरून काढली. सूर तर आला. त्या घडीला चोख आला.

चाचांनी परतल्यावर टिचकी मारून पाहिली. "पाय लगाया ना रे?"

"हौ, चाचा."

चाचांचा चेहरा असा उजळला की भारतनं मान खाली घातली.

काल्याचं कीर्तन सकाळचं असतं. देवळापुढच्या मांडवात माणूस मावत नव्हता. होटगीचे संगमेश महाराज उभे राहिले, मागं टाळकरी, आणि बाजूला बापू. ज्यांना कीर्तनाची गोडी आहे त्यांना ठाऊक असेल, पहिल्या नामगजरात मृदंगावर थाप पडते तेव्हा बसलेल्या माणसाच्याही पाठीचा कणा ताठ होतो. तशी थाप पडली. बापूंनी गर्दीत भारतला हेरलं आणि शेजारच्याला भुवईनं दाखवलं. हा आमचा. मॅनेजर.

महाराजांनी गोपाळांच्या शिदोऱ्यांचं आख्यान लावलं. सगळ्यांनी आपापलं आणलेलं एकात कालवायचं, देवानं ते वाटायचं. "पण एक गडी मागंच बसलेला," महाराज म्हणाले. "शिळी भाकरी होती त्याच्याकडं. लाजेनं घोंगडीखाली दडवली. देव म्हणाला, अरे, तुझं आल्याबिगर काला व्हायचा कसा?"

आयाबायांनी डोळ्याला पदर लावला. भारतला आपल्या हातांचा वास आला.

आणि मृदंग उतरला.

आधी जरासाच. बापूंनी हातोडी घेऊन गठ्ठा ठोकला, सूर चढवला. महाराजांनी चाल धरली, तर पुन्हा उतरला. वादीच ढिली, गठ्ठा काय करणार? थाप भिजलेल्या पोत्यावर पडावी तशी वाजू लागली. महाराजांनी हसून मागं पाहिलं. "बापू, आज एकादशी न्हाई की! मृदंगाला उपास का घडवलाय?"

मांडव हसला. बापूही हसले. त्यांचे कान मात्र तांबडे झाले.

"नटबोल्टचा घ्या आता, बापू," एकजण म्हणाला. दुसरा मोठ्यानं म्हणाला, "त्या बडेसाबनं फसवलं बगा. त्येला काय देवाधर्माचं?"

भारतनं ते ऐकलं. तो उठला नाही. तो चटईच्या काड्या मोजत बसला.

"त्येला बोलू नगा," बापू म्हणाले. "माजा मृदंग त्येच्याशिवाय कुणी केला न्हाई, कदी दगा न्हाई. मृदंग चांगला हाय. माजाच हात गेला आता." त्यांनी गळ्यातला पट्टा काढला. शेजारी महेश्वर नावाचा तरुण वादक आपला नटबोल्टचा, वादीऐवजी पान्यानं ताणायचा मृदंग घेऊन बसला होता. बापूंनी त्याला पुढं सरकवलं. "घे बाबा. हितनं फुडं तूच. माजं झालं."

असं सहज म्हणाले, जसं माणूस शेजाऱ्याला उन्हातून सावलीत सरकायला सांगतो. आणि आपला मृदंग उचलून ते मांडवाच्या कडेला, खांबाशी जाऊन बसले.

महेश्वरचा मृदंग सुरू झाला. भारत लोकांच्या अंगावरून, पायांवरून वाट काढत खांबापाशी गेला. बसला.

"बापू, हात गेलेला न्हाई. वादी ढिली हाय. मी केलंय ते."

"तू कारागिराकडनं करून घेतलंस."

"मीच कारागीर हाय." त्यानं हात पुढं केले. बोटांना वादीचे वळ, नखांत शाई. "शोरूम-बिरूम न्हाई. बडेसाबचाचांकडं शिकतोय. कातडं भिजवतो, झाडू मारतो. चाचांनी सांगितलं तसं केलं न्हाई, म्हणून असं झालं."

जवळच्या माणसांचं कीर्तनावरचं लक्ष उडालं. भारतची आत्या बाळाबाई पुढ्यातच होती. ती वळून म्हणाली, "अगं बया! आन् ते म्यानीजर?"

बापूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. "काय केलं न्हाईस?"

"पाय लावला न्हाई."

"कशाला पाय?"

"मृदंगाला. पाय लावून वढावी लागती वादी. चाचा दर येळला लावतात. सगळ्याच मृदंगांना लावतात."

आजवर कपाळ टेकवलेलं ते खोड त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी त्यावरून हात फिरवला, उलटसुलट, जणू पावलाचा ठसा कुठं दिसतोय का ते पाहत. टाळ चालू होते.

"आत्ता वढलं तर चढंल?"

"व्हय."

"मग वढ की."

"हितं? देवाम्होरं?"

"मग काय घरी नेऊन वढतोस? लोकास्नी कळू दे माजा हात गेला का न्हाई."

भारतनं मृदंग आडवा घेतला. वादीचं टोक मुठीला गुंडाळलं. पाय उचलला, आणि दुकानात आला तसाच तो खाली आला. समोर विठोबा, भोवती सगळं गाव, जे त्याला सर म्हणायचं. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला.

तेव्हा बापू पुढं सरकले. त्यांनी वाकून लेकाचं पाऊल दोन्ही हातांत धरलं, धुळीनं भरलेलं, आणि मृदंगाच्या खोडावर टेकवलं. वरून हात दाबून धरला.

"बापू, पाय सोडा," भारत पुटपुटला. बापानं पाय धरावा आणि लेकानं बघावं, यापरतं लाजिरवाणं काय असतं? त्याला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमीन कुठली दुभंगते. वादी ओढावीच लागली. त्यानं पाठ मागं टाकली आणि ओढली. एक फेर झाला, मग पुढचा. कातडं करकरलं. खाली बापूंचा हात होता, म्हणून त्याला पाय हलवताही येईना. रडू आलं तेही त्यानं वादीबरोबर आवळून धरलं.

महाराजांनी हे पाहिलं असावं. कारण दहीहंडीचा अभंग त्यांनी उगाच लांबवला, पुन्हा पुन्हा त्याच चरणावर येत राहिले. मग खांबाकडून थाप ऐकू आली. महेश्वरनं आपले हात आपणहून थांबवले. बापू पट्टा गळ्यात अडकवत उठले, आणि त्यांचा हात गेला होता की नव्हता, ते मांडवानं ऐकलं.

भारत मात्र तिथंच खांबाशी बसून राहिला. कीर्तन संपलं, लोक रिवाजाप्रमाणे वीणेच्या, महाराजांच्या, मृदंगाच्या पाया पडू लागले. जिथं त्याची टाच टेकली होती तिथंच एकेक कपाळ टेकत होतं. त्याला वर बघवेना. बाळाबाईनं काल्याचा द्रोण त्याच्या हातात दिला. "खा. हात धुतलास न्हवं?" ती म्हणाली. तिच्या मनात वाईट नव्हतं. पण भारतनं द्रोण चटईवर ठेवला आणि बोटं सदऱ्याला पुसली.

निघताना बापूंनी मृदंग त्याच्या हवाली केला. "घाईत वढलाय. नीट बसवून आण."

"बरं."

"आन् लोकांनी बडेसाबला बोल लावला, त्ये त्येला सांग. दुसऱ्याकडनं कळायच्या आदी. तुज्या तोंडानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा पायरीवरच होते. "काय सर! वळसंग में क्या बोले लोगां? नाव निघालं का माझं?"

"निघालं, चाचा." भारतनं मृदंग खाली ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. पाय लावला नव्हता इथपासून, ते कोण काय बोललं, आणि आपण ते ऐकून कसे बसून राहिलो, इथपर्यंत.

चाचांनी हातातली हातोडी खाली ठेवली. "देवाधर्माचं काय, असं बोले?"

"हौ."

"आन् तू बैठा था."

"हौ."

मागच्या घरातून चाचांच्या बायकोनं, अजीजाचाचींनी, पडदा सारून चहा दिला. नेहमी दोन कप यायचे. चाचांनी एकच घेतला, दुसरा हातानंच परत पाठवला.

भारतनं डोक्याचा रुमाल सोडला. मृदंग घेऊन तो उजेडात, रस्त्याकडे तोंड करून बसला. समोरून शाळेच्या रिक्षा चालल्या होत्या, ओळखीचं कोणीही जाऊ शकलं असतं. त्यानं खोडाला हात लावून तो कपाळाला नेला. मग पाय उचलला, आणि लावला.

"वरती घे," चाचा चहा पिता पिता, त्याच्याकडे न बघता म्हणाले. "टाच नको. तळवा लाव."