विटकरीनं घासलेला पिस्टन

रुद्रम्माला इंजिनातून नातू मिळायचा होता.

हिशेब सरळ होता. सून मल्लम्मा गुणाची, पण दळता दळता दोनदा तिचं पोट पडलेलं. आता पाचवा महिना. वैद्यानं बजावलं होतं, जातं बंद. म्हणून वातानं वाकड्या झालेल्या बोटांनी रुद्रम्माच दळायची, आणि शेजारणींना ऐकू जाईल एवढं कण्हायची. अशात लेकानं, शिवलिंगानं, नळदुर्गच्या नाक्यावर करोडगिरीची जकात भरून सोलापूरचं जुनं इंजिन आणलं. लढाईच्या दिवसांत नवं कुठलं मिळायला? अणदुरात पिठाची गिरणी सुरू झाली की सुनेचं जातं कायमचं सुटणार होतं.

बलभीम मिस्त्रीनं इंजिन उघडलं. पिस्टनवर दगडासारखी काजळी बसलेली. घासलेटात भिजवून बाभळीच्या चिपेनं तो ती हळूहळू खरवडत बसला.

"बलभीम, ह्या चालीनं माझा नातूच दळण घेऊन येईल की रं!"

"अव्वा, घाई न्हाय चालत. कणभर रेती-माती आत राहिली तर इंजिन गेलं समजा."

तो जेवायला गेला आणि रुद्रम्मानं पदर खोचला. तिनं घासलेल्या तांब्यात बघून बायका कुंकू लावायच्या. तिथं ह्या काजळीची काय मिजास! राख घेतली, विटकर घेतली, काथ्या घेतला. पिस्टन आरशासारखा झाला.

"कशानं काढली, अव्वा?" जेवून आलेल्या बलभीमनं विचारलं.

"हातानं. दुसऱ्या कशानं?"

बलभीम हसला, फडक्यानं पुसून त्यानं पिस्टन बसवला. पिस्टनच्या कड्यांच्या खाचांत बसलेली विटकरीची पूड त्याला दिसली नाही.

खंडोबाचा भंडारा उधळून गिरणी सुरू झाली. दुपारी इंजिन किंचाळलं आणि जागीच आवळून बंद पडलं. बलभीमनं खोललं, तर पिस्टन ज्यात सरकतो त्या नळ्याला आतून चरे. त्याच्या बोटाला विटकरीची तांबडी पूड लागली. त्यानं रुद्रम्माकडं पाहिलं. रुद्रम्मानं जमिनीकडं.

"हातात कसब न्हाय अन् मिस्त्री म्हणवतोस व्हय रं!" शिवलिंग ओरडला. बलभीमनं हत्यारं गोळा केली. घरची वाट धरली.

रुद्रम्मा पुन्हा जात्याला बसली. चार दिवसांत बोटं सुजून खुंटा धरवेना.

"उठा आत्या, म्या दळते," मल्लम्मा म्हणाली. "लई नको, घरापुरतं."

रुद्रम्मा उठली.

इंजिन भंगारात गेलं. बलभीमच्या हाती गावानं पुन्हा इंजिन दिलं नाही. आणि महिनाभरानं एका पहाटे जातं मध्येच थांबलं.

रुद्रम्मा छाती बडवून रडत होती, तेव्हा बाजेवरनं मल्लम्माच म्हणाली, "नका रडू आत्या. माझंच नशीब खोटं."

सगळी किंमत भरली ती तिनं. कशाची भरली, हे रुद्रम्मानं तिला कधी सांगितलं नाही.