वाळा की चिपाड?

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला आणि तापट कूलर आहे. कूलर असून तापट, हे ऐकून हसू येत असेल तर खुशाल हसा. पुढचं ऐकल्यावर हसायचं की नाही ते ठरवा.

घराच्या खिडकीत बसून घरघरणारा कूलर तो मी नव्हे. मी गाडीचा कूलर. जीपच्या नाहीतर ट्रकच्या खिडकीला मला बाहेरून टांगतात. अंग पत्र्याचं, डोक्यावर पाण्याची टाकी आणि पोटात वाळ्याची ताटी. गाडी पळू लागली की समोरचा वारा माझ्या तोंडात शिरतो, ओल्या वाळ्यातून जातो आणि गार होऊन आत बसलेल्यांच्या अंगावर येतो. ना वीज, ना पंखा.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा गंगाखेडच्या मोटार स्टँडासमोर तात्यारावाच्या पत्र्याच्या दुकानात माझा जन्म झाला. पत्रा तात्यारावाने ठोकला, पण ताटी विणली त्याच्या थोरल्या बहिणीने, सरजाबाईने. ती विधवा होती. दुकानामागच्या खोलीत राहायची आणि त्या विणकामावरच जगायची. काडीला काडी अशी बेताने बसवायची की पाणी झिरपत राहावं, पण वारा अडू नये. वाळ्याच्या मुळ्यांनी तिची बोटं चिरून गेलेली असायची.

"वाऱ्याला वाट पायजे अन् पाण्याला घर पायजे," असं ती म्हणायची.

पहिल्या उन्हाळ्यात मला दगडाबाईच्या ट्रकला लावून पाहिलं. दगडाबाई म्हणजे फिरत्या टॉकीजची मालकीण. सोनपेठ, जिंतूर, जिथे जत्रा तिथे तिचा तंबू, आणि ट्रक हेच तिचं घर. वैशाखातल्या भर दुपारी माझ्याशेजारी बसून ती म्हणाली, "तात्याराव, ह्यो तर जादू करायलाय!" मी परत आलो तो दुकानाच्या फळीवर नमुना म्हणून मिरवायलाच. माझ्यावर लाल रंगाने 'गोदा कूलर' अशी अक्षरं आली. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला सांगू?

मग समोरच्या बाजूला रंगनाथने दुकान थाटलं. त्याने तिसऱ्याच माणसाच्या हातून माझा एक सख्खा भाऊ विकत नेला आणि त्याला उघडून त्याचे तुकडे फळकुटावर पसरले. रस्त्यापलीकडून मी ते या डोळ्यांनी पाहिलं. महिनाभरात त्याच्या दारात 'हिमाल कूलर' टांगले गेले. आणि पाटी काय, तर 'नकली मालापासून सावध राहा'. चोराच्या उलट्या बोंबा! तात्यारावाने चिडून आपल्या पाटीवर 'अस्सल' हा शब्द हातभर मोठा लिहून घेतला. पुढे दोघं एका हॉटेलात चहा घेईनासे झाले. एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याने हाताला धरून ओढून न्यावं, इथवर मजल गेली. मला तर रंगनाथची सावली अंगावर पडली तरी गंज चढल्यासारखं व्हायचं.

अशात दगडाबाईने जत्रेत फिरणाऱ्या साऱ्यांसाठी मिळून चाळीस कूलर सांगितले, तेही पाडव्याच्या आत. एका दुकानाच्याने ते होणार नव्हतं. त्यातच पुण्याची एक मोठी कूलर कंपनी या भागात उतरणार अशी आवई उठली. भीतीने दोघं एक झाले, प्रेमाने नव्हे. दुकानं जोडली, पण नाव कोणाचं पुढे, यावर आठ दिवस भांडले. शेवटी पाटी लागली, 'गोदा-हिमाल कूलर'. शाळेत जाणारी पोरं पाटीखाली उभी राहून खिदळायची. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते हे चौथीतल्या पोराला ठाऊक होतं. या दोन शहाण्यांनी तिला हिमालयात नेऊन बसवलं.

हसण्यावारी गेलं असतं, पण रंगनाथने दुकानात बैलगाडीभर चिपाड आणून ओतलं. उसाचा रस काढल्यावर उरलेला तो चोथा. गुऱ्हाळावर फुकट मिळायचा.

"वाळा लय महाग पडायलाय," तो म्हणाला. "आता ताटी ह्याचीच. कोंबून भरलं की झालं, इणायचं कामच न्हाई."

सरजाबाईने चिपाडाची एक काडी जिभेला लावली आणि भावाकडे वळली. "तात्या, ह्यात गोडी हाय. पाणी लागलं की आंबतंय हे."

तात्याराव जमिनीकडे बघत म्हणाला, "अक्का, दुकान आता दोघांचं हाय. माझं एकट्याचं चालत न्हाई."

"अन् ती मागची खोली रिकामी करा," रंगनाथने सांगून टाकलं. "तिथं चिपाड ठेवायचंय."

सख्खा भाऊ उठून चिपाडाचा ढीग सारखा करू लागला. सरजाबाईने आपलं बोचकं बांधलं, फळीवरून मला उचललं आणि काखेत मारलं. "ह्याच्यातली ताटी माझी हाय," एवढंच बोलून ती नदीकाठच्या एका पडवीत राहायला गेली. रंगनाथचा राग होताच, पण त्या दिवशी मला तात्यारावाचा जास्त संताप आला. अजूनही येतो.

पाडव्यानंतर पंधरा दिवसांत व्हायचं तेच झालं. जिंतूरच्या वाटेवर दगडाबाईच्या ट्रकमध्ये आधी आंबूस वास सुटला आणि मग कूलरच्या तोंडातून मुंगळ्यांची रांग थेट तिच्या पदरावर उतरली. तिने चाळीसच्या चाळीस कूलर दुकानासमोर आणून आदळले. "गाडीत मुंगळे पाळायला घेतले होते व्हय रे मी?" अख्खा मोटार स्टँड ऐकत होता. मी असतो तर टाळ्या पिटल्या असत्या.

पुढे पुण्याची कंपनी खरोखर आली. तिने गोदा-हिमाल विकत घेतली, पाटी उतरवली आणि पत्रा ठोकणं कायमचं बंद केलं. तात्याराव त्याच दुकानात कंपनीचा माल पुसत बसला. रंगनाथ एजंट झाला. त्याच्या जीपला इंजिनावर चालणारं, हवा गार करणारं कंपनीचं यंत्र लागलं.

अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात ते यंत्र बंद पडलं. दुरुस्तीचा माणूस पुण्याहून यायला महिना लागणार होता, आणि रंगनाथची आई तापाने फणफणत होती. तिला परभणीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. बाहेर नुसती आग. रंगनाथ पडवीपुढे येऊन उभा राहिला.

"अक्का, येक ताटी पायजे. माय लय बेजार हाय."

सरजाबाई वाळा निवडत होती. तिने मान वर केली. "वाळा न्हाई, रंगनाथ. चिपाड हाय. चालतंय का?"

त्याची मान खाली गेली. मित्रांनो, त्या क्षणासाठी मी तीन वर्षं थांबलो होतो.

पण जीपमधून म्हातारीचं कण्हणं ऐकू आलं. सरजाबाई उठली. माझ्या पोटात तिने नवी कोरी ताटी बसवली, टाकी भरली आणि मला म्हातारीच्या बाजूच्या खिडकीला टांगलं.

"हे तुज्या मायसाठी," ती म्हणाली. "तू मागं बस. अन् संध्याकाळी माझा कूलर माझ्या दारात आणून दे."

परभणीपर्यंत मी जीव ओतून गार वारा दिला. म्हातारीचा डोळा लागला. मागे रंगनाथ घामाने निथळत बसला होता, आणि मला त्याची तिळमात्र दया आली नाही.

इतका डूख धरणाऱ्या मला कोणाला उपदेश करण्याचा अधिकार नाही. मागणं तेवढं आहे. मित्रांनो, गार वाऱ्यात बसाल तेव्हा पत्र्यावरचं नाव वाचून थांबू नका. आतली ताटी कोणी विणली ते विचारा, आणि तिची खोली कधी रिकामी करायला लावू नका.